वरवंटा पुढे, आत्या मागे

खालची वाडी, ता. लांजा
२ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. ममता हीस अनसूयाचे अनेक आशीर्वाद.

विशेष, तुला नात झाल्याचं आमच्या दत्ताने फोनवर ओरडून सांगितलं. मला त्यातलं काहीच ऐकू आलं नाही. शेजारच्या दुर्गाने ऐकलं आणि वेणी घालायची खूण करून मला मुलगी असं कळवलं. आनंद झाला. पण बारावा दिवस गेला, आता महिना होत आला, बारशाचं नाव नाही! तुझ्या स्वप्नीलला बहीण नाही, म्हणून त्याच्या पोरांची आत्याही मीच, असं त्याच्या लग्नात तूच मांडवात सांगितलं होतंस. कानात कुर्रर्र करायला मी आणि माझ्या पाठीत धपाटे घालायला तू, हे ठरलेलं आहे. तुझे धपाटे ठेवणीतले असतात, त्यांच्यासाठी मी पाठ राखून ठेवलीय.

स्वप्नीलने पाठवलेलं कानाचं यंत्र पोचलं. पोह्याच्या पापडांच्या डब्यात नीट ठेवलंय. घालणार नाही. सगळं ऐकू यायला लागलं की माणसं आवडेनाशी होतात. तेव्हा फोन नको, पत्र लिही. आणि खरं ते लिही. माझा लोभ तुझ्यावर आहेच, पण तो सध्या बारशाच्या तारखेला बांधून ठेवलाय असं समज.

अनसूया

०

पूनम सागर, मीरा रोड
९ फेब्रुवारी

ती. वन्संना ममताचा शि. सा. न. वि. वि.

खरं ते लिहिते. बाळाला डाउन सिंड्रोम आहे. डॉक्टरांना पहिल्याच दिवशी शंका आली होती, रक्ताचा रिपोर्ट परवा आला. म्हणजे काय, तर आपल्या प्रत्येक पेशीत गुणसूत्रं नावाचे धागे ठरावीक असतात, हिला एक धागा जास्तीचा आलाय. ती बसेल, चालेल, बोलेल, शिकेल, पण सगळं आपल्या सवडीने. हृदयात बारीक भोक आहे, त्यावर डॉक्टर लक्ष ठेवून आहेत, आज घाबरण्यासारखं काही नाही. यात कोणाचीही चूक नाही असं ते म्हणाले. तेवढं मोठ्या अक्षरात लिहून द्या, दाराबाहेर लावते, अशी मी विनंती केली. ते हसले. मी हसत नव्हते.

आधी आम्ही सगळे रडलो. मग रडायला सवड मिळेना, कारण बाईसाहेबांना दूध प्यायला तासभर लागतो, मध्ये झोपही काढतात. स्वप्नील मोबाइलवर डॉक्टर व्हायचा अभ्यास करतोय. तुमच्या भावाबद्दल काय लिहू! त्यांनी भाजीवाल्याच्या गाडीवर गवारीच्या शेंगा जोड्याजोड्याने मांडून त्याला गुणसूत्रं समजावली. भाजीवाल्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि मांडलेल्या शेंगा तोलून त्यांच्याच पिशवीत घातल्या. आम्ही तीन दिवस गवार खातोय.

तुमची चुलत बहीण मंदा जेसल पार्कहून सारखी येते. ती बाळाला बघत नाही, तपासते. डोळे, कान, तळहात. मग सुस्कारा टाकून बशीतून चहा पिते. ग्रहणात आपल्या सुनेने, समिधाने सुरी धरली असणार, असा तिचा निकाल आहे. त्या दिवसांत समिधाने ऑफिसच्या लॅपटॉपखेरीज काही धरल्याचं मला आठवत नाही.

काळजी समिधाची आहे. दाराची बेल वाजली की ती बाळाच्या तोंडावर दुपटं ओढते आणि बेडरूमला कडी लावते. हसणं तर विसरलीय. बारसं नको म्हणते. त्याचं कारण असं, की पोटात असतानाच दोघांनी मुलीचं नाव ठरवलं होतं. आम्हाला सांगितलं नव्हतं. आता म्हणते ते नाव राहू दे, साधं दुसरं ठेवू. ते ज्या मुलीसाठी होतं ती आलीच नाही, म्हणते. मी घडी केलेलीच दुपटी पुन्हा घडी करत बसले.

एरवी तुमचे टोमणे मोजून परत करते, या वेळी उधार ठेवा. माया मात्र रोख पाठवा.

तुमची भावजय, ममता

०

खालची वाडी
१५ फेब्रुवारी

चि. सौ. समिधा हीस आत्याचे पोटभर आशीर्वाद.

तुझ्या सासूचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा चष्मा ओला झाला म्हणून. आता पुसलाय.

जास्तीच्या धाग्याचं कळलं. आपल्या घराण्यात कोणाच्या वाटणीला काही जास्त आल्याचं हे पहिलंच उदाहरण. दत्ताला तर अक्कलही मापटं सपाट करूनच मिळाली होती. मला फक्त तीन गोष्टी सांग. पोर दूध पिते का, शी करते का, आणि भूक लागली की घर डोक्यावर घेते का? तिन्ही करत असेल तर ती रीतसर आपली आहे.

नाव दुसऱ्या मुलीसाठी होतं म्हणतेस. पोटात दुसरं कोणी होतं का गं? असेल तर तिलाही पाठव, मी सांभाळते. नसेल, तर जिने तुला आतून लाथा मारल्या तिनेच ते नाव ऐकलंय. उद्या मोठी होऊन जाब विचारील, सवडीने का होईना. पण हट्ट नाही, आई तू आहेस. दुसरं ठेवलंस तर तेही मी तितक्याच हौसेने सांगीन. फक्त तिला झाकून ठेवू नकोस. ती काय साखर आहे, मुंग्या लागायला?

तुमच्याकडे पाटा-वरवंटा नाही, मिक्सर आहे. मिक्सरला टोपडं घालून पाळण्यात निजवता येत नाही. म्हणून माझ्या आईचा वरवंटा शनिवारच्या बसने पाठवतेय. बाळाला दगडासारखं दणकट आयुष्य मिळावं म्हणून तो शेजारी निजवतात. तुझ्या नवऱ्याच्या बारशालाही हाच होता, आणि त्याचं डोकं बघता जरा जास्तच लागू पडला. दत्ताने काशीमीऱ्याला उतरवून घ्यावा. वरवंटा पुढे, मी मागे.

तू रागावलीस तरी चालेल, मी आधीच निघालेली असेन.

आत्या

०

मीरा रोड
२४ फेब्रुवारी

ती. आत्यांना समिधाचा नमस्कार.

वरवंटा पोचला. काशीमीऱ्याहून बाबा तो रिक्षाने मांडीवर घेऊन आले. रिक्षावाल्याने विचारलं, तर त्याला हिंदीत सांगितलं की नातीच्या बारशाचा पाहुणा आहे. सोसायटीत आता सगळ्यांना बारशाबद्दल माहीत आहे.

तुमच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं हो. तिसऱ्याचं तर शेजारीही देतील. या तुम्ही. माणसं थोडी बोलावू, आणि नावाबद्दल मला आधी विचारू नका. माझं अजून ठरत नाहीये.

रागावलेले नाही. थकलेय. तेवढं समजून घ्या.

समिधा

०

खालची वाडी
१४ मार्च

चि. सौ. समिधास आशीर्वाद.

सुखरूप पोचले. पाठीला दुर्गाकडून तेल चोळून घेतेय. ममताचे धपाटे मला माहीत होते, तुझे नव्हते. लॅपटॉप चालवणाऱ्या बोटांत एवढा जोर!

एक तक्रार आहे. मंदा पाळण्याशी वाकून काहीतरी पुटपुटली आणि तू जमिनीवर बसून हसायला लागलीस. मग सगळ्याच हसल्या. मीही हसले, पण कशाला ते मला कोणी सांगेना. ममताला विचारलं तर तिला पुन्हा उबळ आली. तेव्हा सगळं नीट लिही. पुढचंही लिही. मी तिथे होते, तरी लिही. बहिऱ्या माणसाला स्वतःच्या घरचं बारसंसुद्धा पोस्टाने मागवावं लागतं.

पत्र येईपर्यंत पाठ तशीच दुखती ठेवते.

आत्या

०

मीरा रोड
२० मार्च

ती. आत्यांना समिधाचा वाकून नमस्कार. (पाठीला हात न लावता.)

तर ऐका. म्हणजे वाचा. तुम्ही वरवंट्याला आंघोळ घालून, झबलं-टोपडं चढवून, दुपट्यात गुंडाळून पाळण्यात निजवलंत. आईंनी वर त्याला तीट लावली. बाळ आत माझ्याजवळ दूध पीत होतं, तिचं ते तासाभराचं काम. तेवढ्यात मंदाआत्या आल्या. जिन्यात सेल्फी काढायला चष्मा पर्समध्ये टाकला होता, तो तिथेच राहिला. थेट पाळण्याशी गेल्या. मी बाळाला घेऊन बेडरूमच्या दारात उभी.

त्यांनी वरवंट्याच्या टोपड्यावरून हात फिरवला, सुस्कारा टाकला आणि म्हणाल्या, की चेहऱ्यावरून लगेच कळतं गं. मग दुपट्यावरून चाचपून म्हणाल्या, की अंग मात्र घट्ट आहे हो, वाटलं नव्हतं. आणि डोळे टिपले!

आत्या, मी खालीच बसले. टाके नुकते भरलेत हेही विसरले. स्वप्नीलला वाटलं मी रडतेय, तो पाणी घेऊन धावला आणि ते मंदाआत्यांच्या पायांवर सांडलं. आईंनी चेहऱ्यावरची रेषही न हलवता त्यांना सांगितलं, की हा थोरला, स्वप्नीलच्या वेळचा. धाकटी आत आहे. मंदाआत्यांनी पर्समधून चष्मा काढला, लावला, वरवंट्याकडे पाहिलं, आणि त्याचं टोपडं सरळ करून खुर्चीत बसल्या.

मग मला काय झालं कोण जाणे. इतके दिवस मी जिला झाकत होते तिच्याकडे कोणी बघतच नव्हतं. मीही रिपोर्टच बघत होते की. मी बाळाला उघडंच बाहेर आणलं आणि मंदाआत्यांच्या मांडीवर दिलं. तिने त्यांच्याकडे टक लावून पाहिलं, जीभ बाहेर काढली आणि तासाभराचं सगळं दूध त्यांच्या पैठणीवर परत केलं. मंदाआत्या ओरडल्या, मग त्याही हसल्या. हे मला अपेक्षित नव्हतं.

नाव सांगायला मी तुमच्या कानाशी वाकले, तेव्हा ते दुसरं साधं नाव मी पाठ करून आले होते. तोंडातून जुनंच आलं. अगदी हळू. तुम्ही मान हलवलीत. मी जरा मोठ्याने सांगितलं. तुम्ही पदर सारून कान आणखी पुढे केलात. मग मी अशी ओरडले की समोरच्या जिज्ञाबेन दार उघडून बाहेर आल्या आणि बहोत अच्छा नाम है असं म्हणून आत गेल्या. खालून बाबांचा भाजीवालासुद्धा वर बघत होता. बाळाच्या आधी बिल्डिंगला नाव कळलं. तुम्ही तिच्या कानात कुर्रर्र केलंत आणि मग माझा हात आवरेना. पहिला धपाटा तुमच्या पत्राचा होता. बाकीचे कशाकशाचे होते ते नाही सांगता येत. सॉरी.

डॉक्टरांकडे परवा गेलो होतो. वजन वाढलंय. व्यायाम शिकवलेत, ती ते करताना झोपते.

पुढच्या वेळी याल तेव्हा पाठ बरी करून या.

तुमची समिधा,
आणि आता अख्ख्या पूनम सागरला ठाऊक असलेली रसिका

०

खालची वाडी
२७ मार्च

चि. सौ. समिधा आणि चि. रसिका यांस आत्याचे आशीर्वाद, रसिकाला एक जास्तीचा.

पत्र दुर्गाला वाचून दाखवलं. तिचं हसण्यात दूध उतू गेलं. वरवंटा परत पाठवू नका, थोरल्याला धाकटीजवळच राहू दे.

आता एक तुला म्हणून सांगते. पापडाच्या डब्यातलं ते यंत्र मी बारशाला पदराखाली कानात घालून आले होते. मंदाचं सगळं ऐकलं, सुस्काऱ्यासकट. पण तुझ्या तोंडून हवं होतं. आणि नाव तर पहिल्याच वेळी स्पष्ट ऐकू आलं होतं. पण आपल्या पोरीचं नाव असं चोरून आणल्यासारखं सांगतात होय? म्हटलं, ओरडू दे.

हे ममताला कळू देऊ नकोस. मला ऐकू येतं असं कळलं तर ती पत्रं बंद करून फोन करायला लागेल.

तुमची ठार बहिरी,
आत्या