बारा भाग लोखंड

१२ फेब्रुवारी २००४

तिसऱ्यांदा नापास. मी नव्हे — भुकटी! अॅल्युमिनियम पासष्ट भाग, तांबं तेवीस, लोखंड बारा. पोलादी डब्यात पोलादी गोळ्यांबरोबर वीस तास दळलं, मग भट्टीत भाजलं. गेल्या सप्टेंबरात याच मापाने सतरावा नमुना झाला होता — पंचकोनी घडणीचा, देखणा. आज निघाला साधा चौकोनी स्फटिक. मिठासारखा.

माझे मार्गदर्शक ग्लेब अर्कादियेविच, त्यांनी नमुन्याचा क्ष-किरण आलेख डोळ्यांजवळ धरून बघितला. "इंगा, एकदाच झालेली गोष्ट म्हणजे शोध नव्हे, अफवा." २४ जूनला माझ्या प्रबंधाची तोंडी परीक्षा. नमुना पुन्हा करून दाखवल्याशिवाय ते सही करणार नाहीत. सही नाही तर परीक्षा नाही. तीन वर्षं या चक्कीच्या खडखडाटात कान किटले माझे.

१५ फेब्रुवारी

आईचा फोन. "तू नक्की करतेस तरी काय गं तिथे?" म्हटलं, न्हाणीघरात नुसत्या पंचकोनी फरशा बसवून बघ. मध्ये फटी राहतील. आमच्या धातूत राहत नाहीत. आईने विचारलं, "आणि त्याचं करायचं काय?" तव्याला लेप द्यायचा. धिरडी चिकटत नाहीत.

"माझी तशीही चिकटत नाहीत."

४ मार्च

चौथ्यांदा. चौकोनी.

२३ मार्च

डब्यातला वायू बदलला. भट्टी बदलली. तराजू तपासून आणला. तराजू निर्दोष आहे. वाईट वाटलं.

१६ एप्रिल

आज जुनी वही काढली. सतराव्या नमुन्याची भुकटी मी तोललीच नव्हती! तेव्हा तापाने घरी पडले होते. तोलली क्लावा मावशींनी — म्हणजे क्लावदिया तिमोफेयेव्हनांनी. एकतीस वर्षं आमच्या प्रयोगशाळेत तराजूपाशी बसल्या, ऑक्टोबरात निवृत्त झाल्या. वहीत त्यांच्या गोल अक्षरात लिहिलंय: लोखंड बारा. म्हणजे फरक काहीच नाही. तरी त्यांना गाठायला हवं, दुसरं सुचतही नाही.

२ मे

क्लावा मावशींच्या गावाबाहेरच्या बागेत गेले. बटाटे लावायचे दिवस. पाणीसुद्धा विचारलं नाही, हातात बादली दिली. दोन ओळी लावून झाल्यावर विषय काढला.

"बारा? खुळी की काय! बारा घातल्यावर कसं होईल?"

"अहो, तुम्हीच लिहिलंय वहीत!"

"वहीत बाराच लिहायचं. कागद वरून आलेला असतो. मी घालायचे साडेदहा. कधी दहा. गोळ्या बघून."

"पण का?"

"गोळ्या पोलादाच्या ना? झिजतात. झिजलेलं जातं कुठे? तुझ्याच भुकटीत. खाऱ्या काकड्यांच्या सुपात वरून मूठभर मीठ घालतेस का तू?"

"मावशी, सांगायचं नाही का कधी कुणाला?"

"विचारलं कोणी? तुम्ही सगळे शिकलेले. — ए, ती ओळ वाकडी चालली बघ."

ओळ पुन्हा लावली. संतापही आला आणि त्यांच्या पाया पडावंसंही वाटलं. दोन्ही केलं नाही. कंबर मोडली आहे.

११ मे

साडेदहा घातले. पंचकोनी!!! चक्कीच्या खोलीत दार लावून नाचले.

१३ मे

पुन्हा साडेदहा, पुन्हा पंचकोनी. तयार नमुन्यातलं लोखंड मोजून घेतलं. बरोबर बारा भरलं. म्हणजे आमच्याकडून आजवर छापलं ते खरंच आहे. फक्त वाचून तसं करायला गेलं तर होत नाही.

१४ मे

सगळं ग्लेब अर्कादियेविचना सांगितलं. त्यांच्या ९४ सालच्या पुस्तकातही बाराच आहे, आणि त्यांचीही भुकटी मावशीच तोलायच्या. वाटलं, आता ओरडतील. ओरडले नाहीत. माझ्या कागदावर सही केली. पेनाला टोपण लावलं.

मग म्हणाले, "सत्त्याण्णव साली इझेव्स्कहून एक प्रबंध तपासायला आला होता माझ्याकडे. माझ्या पुस्तकावरून केलेलं काम. पाच वेळा करून बघितलं त्याने, पाचही वेळा चौकोनी. तसंच प्रामाणिकपणे लिहिलंही होतं. मी शेरा मारला — निष्काळजी. पदवी नाही मिळाली त्याला."

कोण होता, म्हणून विचारलं.

"रेनात शाकिरोव." आठवावं लागलं नाही त्यांना.