आभाराच्या कार्डाला उत्तर

प्रिय ब्रिटा,

तुझं कार्ड सोमवारच्या टपालात आलं. वर तळ्यात तरंगणारा लून पक्षी आणि आत तुझ्या हातच्या दोन ओळी: ‘मिसेस ग्राहेक, तुम्ही माझ्यासाठी जे केलंत ते मी विसरणार नाही. मनापासून आभार.’ मी उभ्या उभ्या वाचलं आणि बटाट्याच्या सालींबरोबर टोपलीत टाकलं. वर ‘प्रिय’ लिहिलंय ते तुझ्या लहानपणाकडे बघून. आत्ता जी हार्डवेअरच्या दुकानाच्या काचेवरच्या प्रचाराच्या पोस्टरवर हात उंचावून हसते आहे, तिच्यासाठी तो शब्द माझ्या लेखणीतून उतरला नसता. आणि लहानपणी तू मला मिसेस ग्राहेक म्हणत नव्हतीस. मार्लिस म्हणायचीस. साऱ्या बसची पोरं मला मार्लिसच म्हणायची. ‘मिसेस ग्राहेक’ तू पहिल्यांदा म्हणालीस ती कोर्टात.

एकतीस वर्षं मी ती पिवळी बस चालवली, त्यातली बारा वर्षं तू माझ्या बसमध्ये होतीस. तळ्याच्या वळणावरचा तुझा थांबा पहिला, त्यामुळे तू सगळ्यांत आधी चढायचीस आणि सगळ्यांत शेवटी उतरायचीस. उणे तीसच्या थंडीत तुझा बाप आर्व्हो खाणीवर पहिल्या पाळीला गेलेला असायचा आणि तू भावाचे बूट घालून रस्त्यावर उभी. तुझं नाक निळं पडलेलं बघून मी तुला माझ्या मागच्याच सीटवर बसवलं, हीटरपाशी. मग ती सीट तुझीच झाली. तुझ्या तोंडाला कुलूप म्हणून नव्हतं. रस्त्यावरची प्रत्येक पाटी मोठ्याने वाचायचीस, दिसेल त्याची चौकशी करायचीस. एकदा मी आर्व्होला म्हटलं होतं, ‘तुझी पोरगी एक तर वकील होईल, नाही तर कुणाच्या तरी हातचा मार खाईल.’ तो हसला होता. माझा कॉरी तुझ्यापेक्षा एका वर्षाने मोठा. तो अगदी मागे बसायचा, आईच्या बसमध्ये बसायची लाज वाटायची म्हणून. सोळावं लागल्यावर त्याने जुना ट्रक घेतला आणि तेही संपलं.

आता मी काय केलं ते ऐक, म्हणजे पुन्हा कुणाला आभाराचं कार्ड पाठवताना विचार करशील. होल्मची माणसं जुलैच्या शेवटी माझ्याकडे आली. होल्म तुझ्याच पक्षाचा. तो उभा राहिला नसता तर वॉशिंग्टनच्या संसदेची उमेदवारी तुला घरबसल्या मिळाली असती, हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. येत्या मंगळवारी पक्षाचा उमेदवार ठरवायची प्रायमरी आहे, तीत तुम्हा दोघांत काट्याची टक्कर आहे, असं कॅफेतली व्हर्ना म्हणते, आणि व्हर्ना निवडणुकीच्या बाबतीत चुकत नाही. तर त्यांना जाहिरात करायची होती. शहरातून एक पोरगी आली होती, कॅमेरावाला आणि दिव्यांची खोकी घेऊन. तिने माझ्या स्वयंपाकघरातले पडदे काढले, उजेड नीट पडत नाही म्हणून. मला आजी म्हणाली. मी म्हटलं, ‘आजी कुणाची? माझा एकुलता एक मुलगा अठ्ठाविसाव्या वर्षी गेला.’ ती जरा ओशाळली आणि लगेच कॅमेरावाल्याला म्हणाली, ‘हे घेतलंस का?’

मी तयार होते, ब्रिटा. तुला वाटत असेल म्हातारी कनवाळू निघाली, तर तो भ्रम काढून टाक. मी केस धुतले होते, निळा ब्लाउज घातला होता. तुझी भाषणं रेडिओवर ऐकून ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. ‘ज्यांचा आवाज कुणी ऐकत नाही, त्यांच्या बाजूने मी उभी राहिले,’ म्हणे! सरकारी खर्चाने गरीब आरोपींचे खटले लढवलेस, ते तू पदकासारखं छातीवर लावून फिरतेस. त्यातला एक आरोपी रॉयस ओस्बी होता. बोटींच्या दुरुस्तीच्या शेडमध्ये कॉरीबरोबर काम करायचा. दहा वर्षांपूर्वी जुलैतल्या एका संध्याकाळी तळ्याच्या धक्क्यावर दोघांचं एका बोटीच्या मोटरवरून वाजलं आणि त्याने माझ्या मुलाच्या डोक्यात वल्हं घातलं. त्याची बाजू तू घेतलीस. माझी कुणी घेतली? हे सगळं मला कॅमेऱ्यापुढे ओकायचं होतं. आणि मी ओकलंही, चांगला अर्धा तास.

मग ती पोरगी म्हणाली, ‘छान! आता फक्त एक वाक्य. कोर्टात तुम्ही म्हणाला होतात ते, आणि त्याला जोडून थोडंसं. “माझ्या मुलाने कधी कुणावर हात उचलला नाही, आणि या बाईने त्याच्या मरणानंतर त्याला बदनाम केलं.” सावकाश, कॅमेऱ्याकडे बघून.’ मी तोंड उघडलं. ‘माझ्या मुलाने’ इथवर आले आणि पुढे शब्दच फुटेना. तिने पाणी दिलं. पुन्हा केलं. पुन्हा तेच. तिला वाटलं मला रडू येतंय, म्हणून तिने कॅमेरावाल्याला जवळ यायची खूण केली. तेव्हा मी उठले आणि म्हटलं, ‘पडदे परत लावा आणि निघा.’ संमतीच्या कागदावर सही केली नाही. होल्मचा स्वतःचा फोन आला, ‘मिसेस ग्राहेक, त्या बाईला तुम्ही असंच सोडणार?’ मी फोन ठेवून दिला. हे व्हर्नाला कळलं, म्हणजे तुला कळायला वेळ लागला नसणारच. त्यावरून तू ठरवलंस, मी तुझ्यासाठी केलं.

तुझ्यासाठी नाही केलं. ते वाक्य मी एकदा शपथेवर म्हणाले होते. दुसऱ्यांदा म्हणवेना, एवढंच.

कोर्टातला तो दिवस तुला आठवत असेलच. तू नवी होतीस, काळा कोट खांद्यावर सैल. रॉयस म्हणत होता, कॉरीने आधी त्याचा गळा धरला, दोन्ही हातांनी, श्वास बंद झाला, तेव्हा हाताला लागलं ते वल्हं त्याने मारलं. बघणारं कुणी नव्हतं. त्याच्या मानेवर वळ होते, पण सरकारी वकील म्हणाला, ते त्याने स्वतः करून घेतले असतील. मग मी साक्षीच्या खुर्चीत बसले आणि तू माझ्यासमोर आलीस. ‘मिसेस ग्राहेक, कॉरीने कधी तुमचा गळा धरला होता?’ माझा भाऊ, माझ्या चर्चच्या बायका, मागच्या बाकावर रॉयसची आई बिव्हर्ली. सगळ्यांसमोर तू मला ते विचारलंस. मी म्हटलं, ‘नाही. माझ्या मुलाने कधी कुणावर हात उचलला नाही.’ तू टेबलाला हात टेकून माझ्याकडे बघत राहिलीस, जज्जने ‘पुढे?’ म्हणेपर्यंत. मग म्हणालीस, ‘आणखी प्रश्न नाहीत.’ शेवटच्या भाषणात सरकारी वकिलाने माझं वाक्य तीनदा म्हटलं: ज्या आईने त्याला वाढवलं तीच सांगते आहे. रॉयसला पंचवीस वर्षांची शिक्षा झाली.

तू तो प्रश्न हवेतून काढला नव्हतास. तुला माहीत होतं, आणि तुला माहीत आहे हे मला माहीत होतं.

जूनमधला शाळेचा शेवटचा आठवडा. तू सोळा वर्षांची. उकाड्याने बसच्या सगळ्या खिडक्या उघड्या होत्या आणि मी गळ्याला लोकरी स्कार्फ बांधला होता. पोरं हसली, मी म्हटलं, घसा धरलाय. दाराची दांडी ओढताना तो घसरला. आरशात बघितलं तर तू माझ्या मानेकडे बघत होतीस. चार बोटं एका बाजूला, चार दुसऱ्या बाजूला, पुढे दोन अंगठे. तू डोळे मोठे केलेस. आणि ब्रिटा, जी पोरगी मेलेला ससा दिसला तरी तो कुणाचा, कसा मेला, कुणी मारला, हे विचारल्याशिवाय राहत नव्हती, तिने तोंड फिरवलं. उतरताना रोज ‘उद्या भेटू, मार्लिस’ म्हणायचीस. त्या दिवशी तेही नाही. मी गाडी चालू ठेवून तुझ्या थांब्यावर पाच मिनिटं थांबले होते. वाटलं, आर्व्होला सांगेल, तो येईल. कुणी आलं नाही. दुसऱ्या दिवशी तू मागे जाऊन बसलीस.

कॉरीचा बाप फ्रँक डकोटात तेलाच्या कामावर गेला आणि तिकडचाच झाला, तेव्हापासून कॉरीचं डोकं फिरायला लागलं. वाईट होता असं मी अजूनही म्हणणार नाही. माझ्या दारातला बर्फ तोच काढायचा, वाढदिवसाला न चुकता अक्रोड भरलेला गोड पोतित्सा पाव आणायचा, बापासारखा हसायचा. पण राग आला की त्याच्या डोळ्यांतून माणूस निघून जायचा आणि हात सरळ गळ्याकडे यायचे. सात वर्षांत चारदा. मी कुणाला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर त्याला नेलं असतं, आणि मग घरात मी एकटी. शेवटी तोच वेगळा राहायला गेला. मेला तेव्हा पोलीस म्हणाले रॉयस गळ्याचं सांगतोय, आणि त्याच क्षणी मला कळलं की रॉयस खरं बोलतोय. अंगठे पुढे होते, असंही तो म्हणाला होता. ते दुसऱ्या कुणाला कसं ठाऊक असणार?

म्हणजे खोटं मी बोलले. ते मी तुझ्या माथी मारणार नाही. पण तू? मी नंतर एका वकिलाला विचारलं. तो म्हणाला, वकिलाला स्वतःच्या खटल्यात साक्षीदार होता येत नाही. साक्ष द्यायची तर खटला सोडावा लागतो. मग सोडायचा होतास. दुसऱ्या कुणाला रॉयसचा वकील होऊ द्यायचं होतंस आणि तू माझ्यानंतर त्या खुर्चीत बसून सांगायचं होतंस, मी त्या बाईच्या मानेवर बोटं बघितली आहेत. पण तो तुझा पहिला खुनाचा खटला होता, नाही का? आणि मग सगळ्यांनी विचारलं असतं, सोळाव्या वर्षी बघितलंस, तर बोलली का नाहीस? मला जेव्हा कुणीतरी विचारायला हवं होतं, तेव्हा तू तोंड फिरवलंस. बारा वर्षांनी, दुसऱ्याच्या कामासाठी, भर कोर्टात विचारलंस. यासाठी मी तुझा तिरस्कार करते. अजून करते. मुलाची बदनामी केलीस म्हणून नाही. ते मी लोकांना सांगत आले, कारण ते सांगायला सोपं होतं.

बिव्हर्ली ओस्बी परवा किराणा दुकानात भेटली. नऊ वर्षं ती मला बघून रस्ता बदलते, जणू गुन्हा तिचा. परवा तिच्या सामानाच्या ढकलगाडीत मांजराचं खाणं आणि एकटीपुरतं गोठवलेलं जेवण होतं. ती वळायला लागली तशी मी म्हटलं, ‘बिव्हर्ली, थांब.’ ती थांबली. ती हळूच म्हणाली, ‘बरी आहेस ना, मार्लिस?’ मी सामान तिथेच टाकून गाडीत येऊन बसले.

आता हे पत्र कशासाठी, ते सांगते. काल मी बँकेत नोटरीसमोर सही केली. दोन पानं आहेत. कॉरीने चारदा माझा गळा धरला, कधी, कुठे, कसा, आणि मी शपथेवर खोटं बोलले, एवढंच. त्याबद्दल मला जी शिक्षा व्हायची ती होवो, सदुसष्टाव्या वर्षी मी कुठे पळणार आहे? पण माझ्या एकटीच्या कागदाने रॉयस सुटेल असं मला वाटत नाही. म्हणतील, म्हातारी चळली, नाही तर कुणीतरी फितवली. दुसरं कुणीतरी लागेल, ज्याने आपल्या डोळ्यांनी बघितलं. म्हणून पहिल्या पानावरच मी लिहिलं आहे की त्या जूनमध्ये माझ्या मागच्या सीटवर ब्रिटा सालो बसली होती आणि तिने माझी मान बघितली. सोमवारी सकाळी नऊ वाजता कोर्टाचं ऑफिस उघडेल तेव्हा मी तो कागद घेऊन दारात उभी असेन. मंगळवारी मतदान आहे, मला ठाऊक आहे. यात सूड नाही, असं म्हणणार नाही. आता आणखी एक खोटं नको. होल्मला मी काही कळवलेलं नाही आणि कळवणारही नाही. प्रत सोबत जोडली आहे. पत्र तुला शुक्रवारी मिळेल, म्हणजे तुझ्या हातात दोन दिवस आहेत. तुझा कागद घेऊन आलीस तर मी दाराशी तुझ्यासाठी जागा करीन. आली नाहीस तरी मी आत जाणार आहे.

तुझ्याच गावची,
मार्लिस