साडवांची बाटली आणि नळाचं पाणी

डहाणू, जानेवारी २०१८

आदरणीय शांतारामराव,

साडूने साडूला साष्टांग घालायची रीत नाही, तरी घालतो; मजकूर वाचल्यावर पटेल. अहिल्याताईंचे गुडघे, समर्थची नवी नोकरी आणि तुमचा रक्तदाब ठीक असावा. (रक्तदाब ठीक नसेल तर पुढचं उद्या वाचा.) फोनवर तुमचा आवाज ऐकला की मी खोटं बोलतो, म्हणून पत्र.

बोटीवरच्या नोकरीत असताना आणलेली ती स्कॉच तुम्ही समर्थच्या साखरपुड्यासाठी माझ्याकडे ठेवलीत. सील फोडून आपण घोटभर घेतली तेव्हा वीज गेलेली, त्यामुळे रंग मी पाहिलाच नव्हता. तुम्ही मात्र समजावत होतात. आपला व्यापारी एकाच झाडाचे चिकू उचलून स्वतःच्या नावाच्या खोक्यात भरतो ना, तसा तिकडचा कोणी दुसऱ्याच्या भट्टीवरचं दारूचं एकच पिंप विकत घेतो, वर्षानुवर्षं मुरू देतो आणि पाणी नाही, रंग नाही, जशीच्या तशी आपल्या नावाने भरतो. मी मान हलवत होतो. लक्षात एवढंच राहिलं की माल दुसऱ्याचा आहे.

गेल्या रविवारी, साखरपुड्याला कोण कोण निघायचं ते ठरवायला पुष्पाच्या माहेरची मंडळी आमच्याकडे जमली. मी मिरवायला बाटली माळ्यावरून काढली, उजेडात धरली, तर रंग लिंबू सरबतासारखा फिका! आता डहाणूत जन्म काढलेल्या माणसाला ताडीतलं पाणी दुरून कळतं (असा आमचा गर्व), आणि आदल्याच आठवड्यात सुनिल त्याच माळ्याखालच्या खोलीत झोपलेला. मेहुण्याची जुनी ख्याती तुम्हाला ठाऊक आहे. मी सगळ्यांसमोर, सासूबाईंसमोर, मोठ्याने विचारलं, "काय रे सुनिल, पाणी नळाचं घातलंस की बोअरिंगचं?"

कुणी हसलं नाही. सुनिलने तळलेल्या बोंबलांचं ताट खाली ठेवलं. "भाऊजी, दोन वर्षं झाली, दारू महालक्ष्मीच्या गडावर सोडून आलो मी. तुम्हाला नाही सांगितलं. हसला असतात." एवढं बोलून तो तलासरीला घरी निघून गेला. पुष्पा तेव्हापासून माझ्याशी भांड्यांमार्फत बोलते.

मग मला अक्कल सुचली. मोहाची दारू पारखतात तशी बशीत थोडी ओतली, काडी लावली आणि ज्योत निळी आहे का ते बघायला वाकलो. शांतारामराव, ज्योत निळीच होती. डावी मिशी गेली. त्यानंतर चष्मा लावून लेबल वाचलं. रंग घातलेला नाही, असं स्वच्छ छापलंय. पाणी नव्हतंच, असेल तर माझ्या डोक्यात. पोराने एवढी मोठी गोष्ट केली आणि मी त्याला आईसमोर चोर ठरवलं, याची लाज मिशी उगवली तरी जाणार नाही.

तुमचा अर्ध्या मिशीचा साडू,
भालचंद्र

ता. क. खरं काम हे : सुनिलने निरोप धाडलाय, साखरपुड्याला भाऊजी येणार असतील तर मी नाही. मामाशिवाय समर्थचा साखरपुडा शोभणार नाही, मावशीच्या नवऱ्याशिवाय शोभेल. मला वगळा. अहिल्याताईंना सांगा की मला ताप आहे.

ता. क. दुसरं : पत्र पेटीत टाकायला निघालो आणि पाय तलासरीच्या बसमध्ये चढले. सुनिलच्या दारात उभा राहिलो. तो माझ्या मिशीकडे बघत राहिला, हसला नाही. आत गेला, तांब्या घेऊन आला.

"घ्या भाऊजी. नळाचं आहे."

मी सगळा तांब्या प्यायलो. वरचा ताप रद्द समजावा.