समुद्राकडच्या भिंतीचं पिंप

प्रिय फर्गस,

एखाद्याची वाट पाहणं कधी थांबवायचं, असं बाबांनी मला शनिवारी विचारलं, आणि मला उत्तर देता आलं नाही. घरातली पहिली पदवीधर म्हणून हल्ली ते मला काहीही विचारतात: गुडघा का दुखतो, बोट का रद्द झाली, सरकार कधी पडेल. मी काहीतरी ठोकून देते.  

मी ग्लासगोहून कायमची परत आले, हे एफीआत्याने तुला कळवलं असेलच. ती गावभर सांगत सुटली आहे, की एवढं शिकून पोरगी आली ती बेटावरच्या पोरांची नाकं पुसायला. नाकं पुसावी लागतात, हे खरंच आहे. पण शाळेत शिकण्यासारखं सगळं बोटीने बाहेरूनच यायचं आणि शिकलेलं माणूस बोटीने बाहेरच जायचं, हे मला पटत नाही. म्हणून मी माझं व्हिस्कीचं पिंप फोडायचं ठरवलं. बाटल्या विकायच्या आणि शाळेत वाचनालय करायचं. बाबांना आधी हे रुचलं नाही. तुझ्या वेळी भरली तशीच माझ्या जन्माच्या वेळी भरलेली व्हिस्की माझ्या लग्नात उघडायची, असं त्यांच्या मनात होतं. लग्न ठरेपर्यंत पिंपात थेंब उरणार नाही, असं मी म्हटल्यावर हसले आणि कबूल झाले.

आता एक गोष्ट सांगते. जरा खाली बसून वाच. तू धक्क्यावरून बोटीत चढत होतास तेव्हा बाबा मागून ओरडले होते, की जातोस तर तुझं पिंप विकून टाकतो. ते त्यांनी विकलं नाही. जिथे होतं तिथेच आहे, भट्टीच्या जुन्या गोदामात, समुद्राकडच्या भिंतीला, सगळ्यात खालच्या रांगेत. दर रविवारी चर्चमधून येताना बाबा गोदामात शिरतात, त्या पिंपावर बोटांनी टकटक करत खालपर्यंत जातात, आवाजावरून पातळी किती उतरली ते ओळखतात आणि घरी येऊन सूप पितात. मी एकदा पाठोपाठ गेले होते, म्हणून मला माहीत. आमच्यापाशी ते तुझं नाव काढत नाहीत, असं तुला वाटत असेल. खरं आहे, नाही काढत. पण मी घरी आल्यापासून तुझी खोली मला दिलेली नाही. मी अजून माळ्यावरच झोपते.

शनिवारी इश्बेलने गोदाम उघडलं. आता तीच तिथली प्रमुख आहे. पिंप फोडण्याआधी दारूचा कस मोजावा लागतो. तिने तांब्याची लांब नळी माझ्या पिंपात घालून थोडी काढली. छप्पन्न टक्के मद्यार्काची भरली. मग म्हणाली, आलेच आहे तर शेजारच्याचाही बघते. बूच न काढता पुढच्या फळीतली बारीक खुंटी उपसून तिने थोडी घेतली. तुझी चाळीसला जेमतेम टेकली होती. त्या भिंतीला ओल फार, ओलीत कस उतरतो, आणि पिंपही जरा पाझरतं. बाबांनी स्वतःच्या हाताने बनवलेलं ते पहिलंच पिंप ना. इश्बेल बाबांना म्हणाली, “डूगल, तुझं पहिलं पोर आणि पहिलं पिंप, दोन्ही गळकीच निघाली.” एरवी बाबांनी तिला सोडलं नसतं. त्या दिवशी त्यांनी फक्त पिंपाच्या पट्टीवरून अंगठा फिरवला.

चाळीसच्या खाली गेली, की कायद्याने ती व्हिस्की राहत नाही. मग तिला बाटलीत भरून ते नाव देता येत नाही. पुढच्या हिवाळ्यापर्यंत ती खाली जाणारच, म्हणून आजच हेही भरून टाका, असं इश्बेलने बजावलं. बाबा एका पालथ्या खोक्यावर बसले.

“ते पोराचं आहे. तो नसताना मी बूच काढणार नाही,” ते म्हणाले. आणि मग मला तो प्रश्न विचारला.

मी काम सुरू केलं. माझ्या पिंपातली व्हिस्की जाड कापडातून गाळली, पिंप आतून जाळलेलं असतं, त्या कोळशाचे काळे कण वर राहिले. एफीआत्या बाटल्या भरत होती, मी बुचं दाबत होते, बाबा लेबलं लावत होते. त्यांचे हात आता थरथरतात, त्यामुळे बरीच लेबलं तिरकी बसली. आत्या म्हणाली, विकणार कशी ही, प्यायच्या आधीच चढल्यासारखी दिसतात. गोदामात खूप दिवसांनी सगळे मोकळं हसलो. बाबाही हसले, पण प्रत्येक लेबल लावून झालं, की नजर त्या भिंतीकडे जायची.

निम्म्या बाटल्या भरून झाल्या आणि मी आत्याला थांबवलं. माझ्या मनात काय आहे ते सगळ्यांत आधी इश्बेलच्या ध्यानात आलं. तिने नियम सांगितला: दोन्ही एकाच भट्टीची आहेत, तुझी अजून चाळीसच्या खाली गेलेली नाही, तेव्हा एकत्र करता येतील. मात्र वय दोहोंतल्या धाकट्याचं धरायचं. म्हणजे यापुढे कागदोपत्री तू माझ्याएवढाच. लहानपणी मोठेपणाच्या जोरावर खिडकीची जागा बळकावायचास, तेही संपलं. वाचनालयाचं एक कपाट कमी होईल. पोरं काही काळ तीच पुस्तकं पुन्हा वाचतील.

फर्गस, हे पत्र मी तुला बोलावण्यासाठी लिहीत नाही. तू यावंस असं मला वाटतं, पण ते तुझं तू ठरव. तुझं इथे काय आहे आणि ते आता कशाने टिकलंय, एवढंच तुला ठाऊक असावं. तुझ्या पिंपाचं बूच मी काढलं, बाबांना हात लावू दिला नाही. माझी उरलेली सगळी त्यात ओतली. कस पुन्हा मोजला, पन्नासच्या जवळ भरला. आता आणखी कित्येक वर्षं तिला काही होत नाही. बूच मात्र बाबांनीच ठोकून बसवलं.

तुझीच,
मॉर्व्हन