लाल चिंधीची काकडी

मुठा, रविवार संध्याकाळ

ती. मेधाताईस किशोरचा वाकून नमस्कार.

तुझा गुडघा कुरकुरायचा थांबला असेल आणि भावजींनी लोणचं सोडलं असेल (नसेलच) असं धरून चालतो. ताई, आमच्या परसबाग मंडळात माझं नाव झालं! निवृत्त होऊन इथे घर बांधलं तेव्हा तूच म्हणाली होतीस, किशोरच्या हातून गवतसुद्धा उगवायचं नाही. आता ऐक. दर रविवारी आम्ही अध्यक्ष विठ्ठलरावांच्या पडवीत आपापली भाजी मांडतो, लागेल तेवढी दुसऱ्याची नेतो आणि सल्ले मात्र न मागता देतो. जूनमध्ये शेजारच्या धोंडाबाईंनी मला काकडीचं बी दिलं. त्यांचा स्वतःचा वेल रानडुकरांनी उपटला, माझा थेट मांडवावर चढला! एक काकडी तर हातभर लांब, पिवळीधमक. धोंडाबाईंनी येऊन तिला लाल चिंधी बांधली. दृष्ट लागू नये म्हणून असणार, असं समजून मी आठवडाभर छाती काढून फिरलो (दृष्ट लागण्याजोगं माझ्याकडे आयुष्यात पहिल्यांदाच काही होतं).

बाकीच्या काकड्या कोवळ्याच खाऊन संपल्या, वेलही वाळत आला, म्हणून आज सकाळी तीच शेवटची तोडली, किसून पंधरा माणसांची थालीपीठं लावली आणि बिया विठ्ठलरावांच्या कोंबड्यांना घातल्या. लोकांनी बोटं चाटली. मग धोंडाबाईंनी विचारलं, बी कुठंय? मी कोंबड्यांकडे बोट दाखवलं. त्या मटकन खाली बसल्या.

"सासूनं दिल्यालं बी व्हतं माज्या. बियाला राखल्याली काकडी कुनी खातं व्हय?"

चिंधीचा अर्थ इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मला कुणी सांगितला नाही, कारण सांगावा लागेल असं कुणाला वाटलंच नाही. ताई, मला फार लाज वाटली. हातातलं थालीपीठ ताटात परत ठेवलं (मग संपवलं, टाकणं बरं दिसलं नसतं).

भावजींना नमस्कार, ज्ञानदाला पापा.

तुझा किशोर

ता. क. नाव झालं म्हणालो ते खरंच आहे. मला आता सगळे 'कोंबडीवाले' म्हणतात.

ता. क. २ : जूनमध्ये आलीस तेव्हा त्याच बियांतल्या चार तू रुमालाच्या गाठीत बांधून नेल्यास आणि मी हसलो होतो. ते हसणं मी परत घेतो! दुपारी हे आठवलं आणि मी पडवीत अक्षरशः उडी मारली. त्या तू गॅलरीत लावल्याचं कळवलं होतंस; त्या वेलावर एक जरी काकडी असेल, तर तिला हात लावू नकोस.

ता. क. ३ : तुला फोन लावतो म्हणालो, तर धोंडाबाई "फोनवर येल दिसतो व्हय?" म्हणाल्या. तेव्हा सकाळच्या पहिल्या एसटीने हे पत्र घेऊन तुझ्या दारात आलेल्या बाई म्हणजेच धोंडाबाई. त्यांना आधी गॅलरी दाखव, मग चहा विचार. चिंधी त्यांनी सोबत आणली आहे.