शंभर दिवस, शून्य तक्रारी

४ मार्च, बुधवार
ऑफिसात दिवसभर वर्कशॉप. विषय: ध्येयनिश्चिती. ट्रेनर कोटात आला होता आणि घामाने निथळत होता, कारण हॉलचा एसी बंद. एसी माझ्याच अखत्यारीत येतो. मी मागच्या रांगेत बसलो होतो, कोणाच्या लक्षात आलं नाही.
ट्रेनर म्हणाला की जे मोजता येत नाही ते ध्येय नव्हे, नुसती इच्छा. हे काळजाला भिडलं. बारा वर्षं मी या पाच मजली इमारतीचा मेंटेनन्स सुपरवायझर आहे आणि बारा वर्षं नुसत्या इच्छाच करतोय. येताना नवी वही घेतली.
व्यावसायिक ध्येय: सलग शंभर दिवस शून्य तक्रारी. जूनमध्ये बिल्डिंग मॅनेजरची जागा रिकामी होतेय. डायरेक्टर साहेब म्हणाले आहेत की आकडा दाखव, खुर्ची घे.
वैयक्तिक: रोज पाचही मजले जिन्याने, लिफ्ट वर्ज्य. पाच वाजले की फोन ड्रॉवरमध्ये. कंबर चार इंच कमी.
बायकोला वाचून दाखवलं. म्हणाली, पी हळद अन् हो गोरी. नकारात्मक माणसांपासून दूर राहा असं ट्रेनर म्हणाला होता, पण स्वयंपाक तिच्याच हातात असल्याने जवळच बसलो.

५ मार्च
दिवस पहिला. जिना: दुसऱ्या मजल्यापर्यंत. पुढे लिफ्ट. सुरुवातीलाच स्नायूंवर ताण नको.
तक्रारी: अकरा. पैकी चार जणांनी एकच लिहिलंय, की लिफ्ट तिसऱ्या-चौथ्या मजल्याच्या मध्ये करकरते. एक आवाज, चार तक्रारी! पण या सगळ्या लोकांच्या जुन्या सवयीतल्या तक्रारी. धरल्या नाहीत. म्हणजे शून्य.

९ मार्च
मूळ सापडलं. तक्रारवही लिफ्टशेजारी खिळ्याला टांगलेली, सोबत दोरीला पेन. हे म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याला आमंत्रणच. वही माझ्या केबिनमध्ये आणली. कपाटात ठेवली. कुलूप लावलं. ज्याला लिहायचं असेल त्याने येऊन मागावी.
कोणी आलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.
जिना: पहिला मजला. पावसाळी हवा, गुडघा.

२६ मार्च, दुपारी ३
दिवस बाविसावा. आज घंटेने छळलं. लिफ्टमधलं लाल बटण दाबलं की माझ्या केबिनमध्ये घंटा वाजते. लिफ्ट मधेच मिनिटभर थांबते, लगेच बटणावर बोट! दिवसात तीनदा. लोकांत धीर म्हणून राहिलेला नाही. आणि ध्येय मोजायचं म्हटल्यावर घंटा ही तक्रारच धरावी लागणार.

३.२०
घंटेची वायर काढली. दोन मिनिटांचं काम. केबिनमध्ये काय शांतता! पंख्याचा आवाज ऐकू येतो. तक्रारी: शून्य.

१७ एप्रिल, शुक्रवार
लिफ्टचा मिस्त्री तिमाही तपासणीला आला. वर मशिनरूममध्ये तासभर होता. खाली आला तो ग्रीसने माखलेले हात पुसतच. म्हणाला, दोराच्या तारा तुटायला लागल्यात, ब्रेकही झिजलाय, लिफ्ट आजपासून बंद ठेवा, चार दिवसांचं काम आहे.
चार दिवस लिफ्ट बंद म्हणजे तीनशे माणसं जिन्यावर, आणि तीनशे माणसं जिन्यावर म्हणजे तीनशे तक्रारी. माझा चव्वेचाळिसावा दिवस! त्याला समजावलं की शंभर दिवस होऊ देत, सोळा जूनला सकाळी दहाला या, हवं तेवढं खोला. तो म्हणाला, साहेब, आत सामान नसतं, माणसं असतात. या लोकांना सगळं वाढवून सांगायची सवय. मग त्याने कागद काढला, त्यावर लिहिलं की सूचना दिली आहे, आणि माझी सही मागितली. केली. जबाबदारी घ्यायला हिंमत लागते. वर्कशॉपमध्ये हेच तर सांगितलं होतं.

२० एप्रिल
आनंदाची बातमी! आज पाचही मजले जिन्याने. एकदाही लिफ्टकडे पाहिलं नाही.

८ मे
जिना: सलग पंधरावा कामाचा दिवस. संकल्पशक्ती म्हणतात ती हीच. कंबर अर्धा इंच कमी (श्वास धरून).
सफाईच्या मावशीही आता बादली घेऊन जिन्यानेच चढतात, साठी उलटलेली बाई. विचारलं तर म्हणाल्या, तुम्ही चढता म्हणून मीपण. माणूस आदर्श ठेवतो तेव्हा असं आपोआप घडतं. पण असं म्हणताना माझ्याकडे बघत होत्या ते काही मला आवडलं नाही.
आजकाल लिफ्ट मजल्याच्या चार बोटं खाली थांबते. लोक पाय उचलून बाहेर पडतात. सवय झाली की कळतही नाही.

२८ मे
दिवस पंच्याऐंशीवा. वॉचमनलाही ध्येय दिलं: साडेपाचला शटर खाली. हा गृहस्थ रोज पावणेसहा करतो, कारण आधी प्रत्येक मजल्यावर जातो, दारं ठोठावतो, लिफ्टमध्ये डोकावतो, कुणी आत राहिलंय का म्हणून हाका मारतो. बारा वर्षांत कुणी राहिलेलं नाही. त्याला सांगितलं, फेरी बंद, वेळेवर लक्ष द्या. मान हलवली. आज पाच सत्तेचाळीसला शटर पाडलं. पालथ्या घड्यावर पाणी.

५ जून
ही आणि आमची लेक चिमणी ऑफिसला आल्या होत्या. चिमणीला शाळेत ‘माझे बाबा’ लिहायचंय, त्यासाठी केबिन बघायची होती. नंतर गच्चीवरून शहर बघायचं म्हणाली. लिफ्ट खालीच उभी होती, दार उघडं. पोरगी पळत निघाली. मी तिचा दंड धरला. जरा जोरात धरला गेला. रडायला लागली.
जिन्याने नेलं. व्यायाम म्हणून. तिसऱ्या मजल्यावर तिने विचारलं, बाबा, लिफ्ट बिघडलीय का? म्हटलं, छे, उत्तम आहे. मग आपण का नाही जायचं, तर म्हटलं, चालणं चांगलं असतं. बायको माझ्याकडे बघत चढत राहिली.
मावशी चौथ्या मजल्यावर पुसत होत्या. म्हणाल्या, लेकीला जिन्याने आणलंत, बरं केलंत.
बाईंना जरा शिस्त लावायला हवी. रात्रीचे दोन वाजलेत, झोप लागत नाही. उकाडा.

१० जून
फ्रेम तयार झाली. सोनेरी अक्षरं: ‘शंभर दिवस, शून्य तक्रारी’. कुठे लावावी? जिथे सगळेच बघतील आणि दुसरीकडे बघायला काही नसेल अशी जागा एकच. लिफ्ट.
शुक्रवार ते सोमवार त्याच ट्रेनरचं शिबिर, तीन रात्री मुक्काम. सोमवारची सुट्टी जोडून आलीय. फोन न्यायला बंदी. बस सहाला कोपऱ्यावरून. जो आला नाही तो कच्च्या निर्धाराचा, आम्ही थांबत नाही, फोनही करत नाही, असं ट्रेनरने बजावलंय. घरी सांगितलं की सोमवार रात्रीपर्यंत मी नाही असं समजा. बायको म्हणाली, बरं.

१२ जून, शुक्रवार, ४.३०
दिवस शंभरावा!! तक्रारी: शून्य. डायरेक्टर साहेबांनी पाठ थोपटली. सुट्टी म्हणून चारलाच सगळे पसार. मावशींनाही लवकर सोडलं, मन मोठं असावं.

५.०५
फोन ड्रॉवरमध्ये. केबिनला कुलूप. बॅग खांद्यावर. एवढी फ्रेम लावली की निघालो.

५.२०
फ्रेम लिफ्टमध्ये लावली. झकास दिसते. पण लिफ्ट चालताना हलते का, ते पाहायला हवं. मी काम अर्धवट सोडत नाही. एकच फेरी मारली, वर आणि खाली. खाली येताना चौथा मजला गेला आणि लिफ्ट थांबली.
थांबते मिनिटभर. धीर हवा.

५.२६
लाल बटण दाबलं. मग आठवलं.
दार ठोठावतोय. वॉचमन असेलच खाली. पावणेसहापर्यंत असतोच तो, माहितीये मला. त्याला कधी साडेपाच जमलेलं नाही.

५.३०
शटरचा आवाज. खाली, पूर्ण खाली. मग कुलूप. घड्याळ पाहिलं. साडेपाच, मिनिटाचाही फरक नाही.
ओरडलो. खूप ओरडलो. माझ्या हाताखालच्या लोकांत ध्येय गाठणारा एक निघाला.

५.४५
हिशोब केला. बायकोला वाटणार मी शिबिरात. शिबिरवाल्यांना वाटणार मी कच्चा. मिस्त्री मंगळवारी दहाला, मीच बोलावलाय. पाण्याची बाटली अर्धी.
आत्ताच चार बोटं खाली सरकली. डोक्यावर करकरतंय. फ्रेम मात्र हलली नाही.
मला भीती वाटते. चिमणीचा दंड धरला तेव्हाही वाटली होती. हीच होती ती.

५.५२
अजून थोडी सरकली. तक्रारवही कपाटात आहे, म्हणून इथेच लिहितो.
प्रति, मेंटेनन्स सुपरवायझर. विषय: लिफ्ट. तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये करकरते आहे. कृपया ताबडतोब लक्ष द्यावे. आत माणूस आहे.