धुतलेल्या मालाला हात

७ ऑक्टोबर २०२५, मंगळवार

ड्रिल तुटली! धातूला भोकं पाडायची, आम्हीच कोटिंग करून दिलेली. एक नाही, लागोपाठ कितीतरी. चाकणहून उद्धवरावांचा फोन. तिथल्या कंपनीच्या टूलरूमचे प्रमुख, एरवी अगदी गोड माणूस. आज म्हणाले, "मॅडम, कोटिंग केलंय का पावडर लावून पाठवलंय?" त्यांची लाइन बंद पडली आहे. सोमवारपर्यंत लेखी मागितलंय – चूक काय, कोणाची, त्याच्यावर कारवाई काय. नाहीतर काम दुसरीकडे जाणार.

आमचे मालक दादासाहेब फोन संपेपर्यंत माझ्याकडे बघत होते. मग म्हणाले, कोटिंगआधीच्या धुण्यात गडबड असणार, धम्मपालला बोलवा. मलाही तेच वाटलं होतं.

८ ऑक्टोबर, बुधवार

धम्मपाल परभणीकडचा. तीन वर्षं आमच्याकडे धुण्यावर आहे. बोलतो इतकं कमी की राग यावा!

आमचं काम लोकांना रंगकाम वाटतं. रंग नाही तो. भट्टीतली हवा काढून ड्रिलवर एक काळसर जांभळा थर बसवतो आम्ही, केसाच्या जाडीचा जेमतेम विसावा हिस्सा. पण तेवढ्यावर ड्रिल दुप्पट वेगाने चालते, लाल होईस्तोवर तापली तरी धार धरून ठेवते, धातू धारेला चिकटत नाही. अट एकच – खालची ड्रिल लख्ख हवी. बोटाचा एक ठसा राहिला तरी थर पापुद्र्यासारखा उठतो. म्हणून एवढ्या टाक्यांतून धुणं, सुकवणं, मग हातमोजे घालून एकेक ड्रिल स्टँडवर उभी करणं, आणि मगच भट्टी. 'धुतलेल्या मालाला हात लावू नये' ही पाटी क्वालिटी बघणारी म्हणून मीच भिंतीवर लावली आहे.

विचारलं, नीट धुतलं होतंस का? "धुतलं होतं, मॅडम." बस्स. मी आवाज चढवला. आठवून बघ म्हटलं, कुठे घाई केलीस का, पाणी बदललं नव्हतंस का. तो तेच म्हणाला. कस्टमरपुढे असं उत्तर चालेल का? सगळ्यांसमोर बोलले त्याला. आता वाईट वाटतंय.

९ ऑक्टोबर, गुरुवार

साप्ताहिक सुट्टी. माझं तोंड बघून घरात कोणी बोलत नाही. बरंच आहे.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

चाकणहून ड्रिल परत आल्या, तुटलेल्या आणि न वापरलेल्याही. दिवसभर मायक्रोस्कोपला डोळे लावून बसले. मान आखडली.

सगळ्या खराब नाहीत! पेटीत माल स्टँडवरच्या क्रमानेच भरतो आम्ही, त्यावरून कळलं. थर उठलाय तो फक्त स्टँडच्या वरच्या रांगेतल्या, दाराकडच्या बाजूच्या ड्रिलवर. तिथेसुद्धा टोकापाशीच, एकेक ठिपका. बाकीचा माल असा सुंदर आहे की कोणालाही दाखवावा.

म्हणजे धुण्यात चूक नाही. सगळ्या ड्रिल एकाच जाळीत, एकाच पाण्यात बुडाल्या होत्या. पाणी खराब असतं तर सगळ्याच सोलल्या असत्या. धुतल्यानंतर कोणीतरी हात लावलाय. दाराकडून येऊन.

रजिस्टर बघितलं. लॉट भट्टीत गेला तो १ तारखेला, खंडेनवमीला. त्या दिवशी मी रजेवर होते.

११ ऑक्टोबर, शनिवार

भट्टीवर गणराज असतो. त्याला चहाच्या टपरीवर गाठलं. आधी आढेवेढे, मग खाली बघून सगळं सांगितलं.

खंडेनवमीला सगळ्या मशीनची पूजा झाली. दादासाहेबांच्या आई, सुमनताई, ताट घेऊन आल्या. शेड त्यांच्याच शेतावर उभी आहे, पूजेचा मान त्यांचा. भट्टीला कुंकू लावलं. पुढ्यात स्टँडवर धुतलेल्या ड्रिल उभ्या होत्या, त्यांनाही बोट टेकवलं. पूजा झाल्यावर गणराजच्या लक्षात आलं. माल परत टाकीत घालायला हवा होता. पण पूजेचं कुंकू केमिकलच्या पाण्यात सोडायचं, तेही सणाला, त्याचा हात धजेना. म्हणून कोरड्या फडक्याने हलकेच पुसलं. वर नमस्कार केला आणि भट्टी लावली.

हसावं की रडावं! रंग गेला, तेलकट डाग राहिला, त्यावर आम्ही थर बसवला.

धम्मपाल कुठे होता? माल त्याच्या ताब्यातला. गणराज म्हणाला, बाहेर होता, त्यांच्यात पूजा करत नाहीत ना. मला जरा रागच आला. नसेल करायची पूजा, पण निदान मालापाशी उभं राहायचं!

येताना सुमनताईंकडे गेले. त्यांनी काही लपवलं नाही. "व्हय, म्याच लावलं. दरसाल भट्टीला लावती, औंदा म्होरं हत्यारं दिसली. हत्याराला कुकू न्हाई लावायचं तर कशाला?" वर मला चहा पाजला.

१२ ऑक्टोबर, रविवार

दादासाहेबांना केबिनमध्ये सगळं सांगितलं. ते टेबलावरची तुटकी ड्रिल बोटांत फिरवत राहिले.

मग म्हणाले, आईचं नाव चाकणच्या कागदावर जाणार नाही. पूजेचंही नाही, लोक हसतील. मी म्हटलं, मग धुण्याची चूक असंही मी लिहिणार नाही. ते खोटं आहे.

"बरं. लिहा, ऑपरेटर जागेवर नव्हता, त्यामुळे धुतलेल्या मालाला हात लागला. हे खोटं आहे का? सांगा."

खोटं नव्हतं. कारवाईचं विचारलं तर म्हणाले, समज देऊन सोडू, तुम्ही काळजी करू नका. जीव भांड्यात पडला माझा. घरी येताना नाशिक फाट्याच्या गर्दीतही चिडले नाही.

१३ ऑक्टोबर, सोमवार

रिपोर्ट गेला. उद्धवराव खूश. काम राहिलं! मायक्रोस्कोपचे फोटो त्यांना फार आवडले. दादासाहेबांनी सगळ्यांना जिलबी मागवली. धम्मपाल दिसला नाही.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

धम्मपालला काढलं. गमबूट आणि डबा न्यायला आला होता. मी म्हटलं, त्या दिवशी नुसता मालापाशी थांबला असतास तर ही वेळ आली नसती.

"थांबलोच होतो, मॅडम. दादासाहेबांनी बाहेर जायला सांगितलं. पूजा होईपर्यंत आत नको म्हणाले. दरवर्षी सांगतात."

मग बोलला का नाहीस?

"कामात चुकला म्हणून काढलं, तर शेजारच्या शेडमध्ये लागतो माणूस. हे बोलला म्हणून काढलं, तर कुठंच लागत नाही."

गमबूट पिशवीत घालून गेला. रिपोर्टखाली सही माझी आहे.